उसनं माप

वॉर्डाच्या टोकाची मोरी म्हणजे मावशींचं राज्य. लांबट खोली, एका भिंतीला दोन नळ, समोर काळ्या दगडाचा ओटा आणि ओट्याखालच्या फळीवर ओळीने मांडलेले पांढरे प्लास्टिकचे कॅन. प्रत्येक कॅनवर खाटेचा नंबर. ज्या पेशंटची लघवी मोजायची, त्याने ती भांड्यात करायची, घरच्यांनी त्या त्या नंबरच्या कॅनमध्ये ओतायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मावशींनी ती मोजून तक्त्यात लिहायची. चोवीस तासांचं माप. सव्वीस वर्षं मावशी हेच काम करत होत्या. त्यांना त्याचा कंटाळा आला असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्यांना मोजताना कधी पाहिलेलं नाही.

पाहण्यासारखाच प्रकार होता तो. आधी ओट्यावरून हात फिरवून तो सपाट आहे ना हे बघायचं. रोज! जसा काही ओटा रात्रीतून कलला असेल. मग काचेचा जार ठेवायचा, कॅन सावकाश ओतायचा आणि फेस बसेपर्यंत गप्प उभं राहायचं. मग गुडघे वाकवून, एक डोळा मिटून, दुसरा डोळा बरोबर रेघेसमोर आणायचा. वरून बघितलं की माप चुकतं, आणि मावशींना चुकलेलं माप म्हणजे नासलेलं दूध. गुडघे आताशा कुरकुरायचे, पण मावशी त्यांना दाद देत नसत. एका नव्या सिस्टरने एकदा कळवळून म्हटलं, "मावशी, कशाला एवढं वाकता? अंदाजे लिहा की."

"तू इंजेक्शन अंदाजे देतेस का गं?" मावशींनी विचारलं. ती मुलगी पुढे तीन वर्षं त्या वॉर्डात होती, पण अंदाज हा शब्द तिने पुन्हा काढला नाही.

मावशी इथे आल्या होत्या झाडलोट करायला. तेव्हाच्या हेडसिस्टरनी त्यांना जार घासताना पाहिलं आणि विचारलं, "वाचता येतं?" मावशी म्हणाल्या, "अक्षरं अडखळतात. आकडे येतात." हेडसिस्टर म्हणाल्या, तेवढंच लागतं. मग त्यांनीच शिकवलं, की किडनी बरी चालली आहे की नाही हे पोटावर हात ठेवून कळत नाही आणि पेशंटला विचारूनही कळत नाही. कळतं ते या जारमध्ये. दिवसाला दीड-दोन लिटर आलं तर उत्तम. चारशे मिलीच्या खाली गेलं तर हातातलं काम टाकून डॉक्टरांकडे पळायचं. मावशी सव्वीस वर्षांत कितीदा पळाल्या असतील याचा हिशोब त्यांच्याकडे नव्हता, पण त्यातली किती माणसं चालत घरी गेली ते त्यांना ठाऊक होतं. त्या जोरावर त्या सुखात होत्या.

घरी मात्र या कामाची भारी थट्टा. नवरा रंगारी, लोकांची घरं रंगवायचा. संध्याकाळी हातपाय धुता धुता विचारायचा, "आज काय? लिंबू, मध की वीट?" मावशीही न लाजता सांगायच्या. सून ओरडायची, "आई, बाबा, निदान जेवताना तरी नको!" मुलाचं लग्न ठरत होतं तेव्हा विहीणबाईंना काय सांगावं हा मोठाच प्रश्न पडला होता. मुलाने डोकं चालवलं आणि सांगितलं, आई दवाखान्यात मोजमाप विभागात आहे. विहीणबाई वर्षभर समजत होत्या की या बाई इमारतींची मापं घेतात. एकदा त्यांनी मावशींना आपली गच्ची दाखवून किती भरेल असं विचारलं, तेव्हा सगळं उघडं पडलं. विहीणबाईंनी नाक मुरडलं, पण पुढल्या उन्हाळ्यात त्यांना मूतखडा झाला तेव्हा पहिला फोन मावशींनाच केला.

तर अशा या मावशींच्या वॉर्डात नऊ नंबरच्या खाटेवर एक बसड्रायव्हर आले. वय अठ्ठावन्न. तीस वर्षं बस चालवून पाठीचा खुळखुळा झालेला, आणि त्या पाठीसाठी दुखण्याच्या गोळ्या चण्यासारख्या खाल्लेल्या. त्यात चार दिवस उलट्या-जुलाब झाले आणि किडन्यांनी हात टेकले. चोवीस तासांची लघवी शंभर-सव्वाशे मिली. चहाचा एक कप. रंगही तसाच, उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहाचा.

मोठे डॉक्टर स्वच्छ बोलणारे होते. "दोन दिवस वाट बघू. माप वाढलं नाही तर डायलिसिस करावं लागेल."

डायलिसिस म्हणताच ड्रायव्हरदादांचा चेहरा पांढरा पडला. त्यांचा सख्खा भाऊ मशीनवर गेला होता आणि तिसऱ्या महिन्यात गेला होता. "मशीनवर चढलेला माणूस उतरत नाही," ते म्हणाले. "मला नको. सांगून ठेवतो, त्या दिवशी मी खाटेवरून उठून घरी चालायला लागेन." डॉक्टरांनी समजावलं, भावाच्या किडन्या जुन्या आजाराने गेल्या होत्या, तुमच्या फक्त रुसल्या आहेत, मशीन त्यांना विश्रांती देईल. ड्रायव्हरदादांनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं.

दुसरा छळ पाण्याचा. नियम असा, की काल जेवढी लघवी झाली त्यात अर्धा लिटर मिळवायचं आणि आज तेवढंच पाणी द्यायचं, चहा-दूध-औषधं धरून. म्हणजे ड्रायव्हरदादांना दिवसभरात सहाशे मिली. त्यांची बायको, सगळ्यांची वहिनी, ओल्या फडक्याने त्यांचे ओठ टिपत बसायची. वहिनी अंगाने एवढीशी, पण चटपटीत. दोन दिवसांत तिच्या पक्कं लक्षात आलं की नवऱ्याचं पाणी आणि नवऱ्याचं मशीन या दोन्ही गोष्टी मोरीतल्या नऊ नंबरच्या कॅनवर अवलंबून आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी तो कॅन उचलला आणि तो जड लागला. जारमध्ये ओतला, फेस बसू दिला, वाकल्या, एक डोळा मिटला. सातशे चाळीस! मावशी उठल्या, परत वाकल्या. सातशे चाळीसच. मग मात्र त्या तक्ता घेऊन बाहेर आल्या त्या जवळजवळ धावतच. "ड्रायव्हरदादा, गाडी सुरू झाली बरं का!" सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. ड्रायव्हरदादांचा जीव भांड्यात पडला. आपण एवढी लघवी केली हे त्यांना स्वतःलाही नवलच वाटलं, पण थोडं थोडं करून साठलं असेल, असं ते म्हणाले. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. डॉक्टर म्हणाले, रक्ताचा रिपोर्ट अजून वाईट आहे, पण तो नेहमी मागाहून सुधारतो. माप वाढतंय तर मशीन पुढे ढकलू. पाणीही वाढवलं, बाराशे मिली. ड्रायव्हरदादांनी पहिला पेला डोळे मिटून, एकेक घोट तोंडात घोळवत प्यायला.

शेजारी दहा नंबरच्या खाटेवर बँडमास्तर होते. आयुष्यभर तुतारीसारखा कर्णा फुंकून फुगलेले गाल, तसंच पोट, आणि आता हृदय थकल्यामुळे अंगात पाणी साचायचं म्हणून लघवीची गोळी चालू. त्यांचं माप रोजचं चोवीसशे. "आमचा नळ बंदच होत नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचे. त्या दिवशी त्यांचं माप अठराशे भरलं. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. उद्याही कमी आलं तर गोळी वाढवू, असं ते म्हणाले. मावशी आनंदात होत्या, त्यांनी ते ऐकलं आणि विसरून गेल्या. ही त्यांची चूक. पुढे त्यांनी ती कधी नाकारली नाही.

चौथ्या दिवशी नऊ नंबरचे सातशे नव्वद आले, दहा नंबरचे सतराशे. मावशींनी दोन्ही आकडे लिहिले आणि पेशंटांची वजनं घ्यायला गेल्या, कारण तेही त्यांचंच काम. ड्रायव्हरदादा काट्यावर चढले. एकोणसत्तर किलो तीनशे. मावशींनी मागचं पान उलटलं. दोन दिवसांपूर्वी अडुसष्ट होतं.

"दादा, चपला काढल्यात ना?"

"अनवाणीच आहे की."

मावशी खाली वाकल्या. दादांच्या घोट्यावर त्यांनी अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. रात्री झोपताना आता दोन उशा लागतात, असं ड्रायव्हरदादा आपणहून म्हणाले. सपाट पडलं की दम लागतो.

अकरा वाजता चहाचा कप घेऊन मावशी मोरीतल्या स्टुलावर बसल्या. एवढी लघवी झाली असती तर वजन उतरायला हवं. चढलं कसं? त्यांनी तक्त्याची दोन पानं शेजारी शेजारी धरली. आधी नऊ नंबरचे एकशे वीस, दहा नंबरचे चोवीसशे. मग सातशे चाळीस आणि अठराशे. मग सातशे नव्वद आणि सतराशे. मावशींनी ओठ हलवत बेरजा केल्या. दोन हजार पाचशे वीस. दोन हजार पाचशे चाळीस. दोन हजार चारशे नव्वद. दोघांची मिळून बेरीज जागची हलत नव्हती. एकाचं जेवढं वाढलं, तेवढंच दुसऱ्याचं घटलं होतं. मावशींना कळलं. दोन्ही दिवसांचे आकडे त्यांच्याच हातचे होते.

वहिनी भांडं धुवायला आत आली तेव्हा मावशींनी दार लोटून घेतलं.

"वहिनी, पाणी कुठेतरी मुरतंय. मला खरं सांगा."

वहिनीने आधी कानावर हात ठेवले. मग मावशींनी दोन पानं तिच्यापुढे धरली, तेव्हा ती भिंतीला टेकून रडायलाच लागली. ऐकणाऱ्याला हसू यावं आणि काळीजही फाटावं अशी ती गोष्ट होती. माप वाढलं त्याच्या आदल्या संध्याकाळी बँडमास्तरांनी आपलं भरलेलं भांडं तिच्या हातात देऊन म्हटलं होतं, "वहिनी, आमच्यात भरपूर आहे आणि तुमच्यात टंचाई आहे. यातलं थोडं तुमच्या कॅनमध्ये टाका. शेजारधर्म कशाला म्हणतात?" वहिनीने टाकलं. दुसऱ्या दिवशी मशीन टळलं, पाणी वाढलं, नवरा हसला. मग तिने पुन्हा टाकलं.

"झाकली मूठ राहू द्या ना मावशी," ती हात जोडून म्हणाली. "आता ते खरंच बरे होतील. उद्यापासून एक थेंब घालणार नाही, तुमची शपथ."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?" मावशींचा आवाज चढला होता, आणि तो वहिनीवर नव्हता, स्वतःवर होता. "डॉक्टर पाणी कशावर देतात? या मापावर. तुम्ही माप वाढवलं म्हणून त्यांनी पाणी वाढवलं. ते पाणी बाहेर पडतच नाहीये, बाई. आधी पायात उतरलं, आता छातीत चढतंय. दम कशाने लागतोय त्यांना?"

वहिनीचं रडणं एकदम थांबलं. "मीच पाजलं ते," ती म्हणाली. "माझ्या हातांनी." आणि ती खाली बसली. मावशीही तिच्याजवळ ओल्या फरशीवर बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी तिचा हात धरून तिला उठवलं आणि म्हणाल्या, चला, आपण दोघी जाऊ.

मोठ्या डॉक्टरांसमोर मावशींनी दोन्ही दिवसांच्या आकड्यांवर आडवी रेघ मारली. सव्वीस वर्षांतली त्यांची ही पहिली खाडाखोड. डॉक्टर रागावतील म्हणून त्या मान खाली घालून उभ्या होत्या. डॉक्टरांनी वजनाचं पान पाहिलं आणि ते म्हणाले, "हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं, मावशी. बरं झालं, आजच आलात." बँडमास्तरांची गोळी वाढवायचा कागद त्यांनी फाडून टाकला. बँडमास्तरांना चांगलीच समज मिळाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आवाज निघाला नाही.

ड्रायव्हरदादांना सांगायचं काम सगळ्यात अवघड होतं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आपण बरे होतोय अशी त्यांची पक्की समजूत होती. ऐकून त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग मावशींकडे.

"तुम्ही गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं हो?"

"तुम्ही गेला असता," मावशी म्हणाल्या.

ते खाटेवरून उठून घरी चालायला लागणार होते, पण दम एवढा लागला होता की दारापर्यंतही पोचले नसते. दुपारी त्यांना मशीनवर घेतलं. जाताना त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळी मावशी जेवायला बसल्या आणि ताट पुढे सरकवून उठल्या. नवऱ्याने रंग विचारला नाही. सारं ऐकून घेऊन तो एवढंच म्हणाला, "ओल आलेल्या भिंतीवर रंग मारला तर दोन दिवस छान दिसते. मालक खूश होतो. मग पोपडे धरतात, आणि शिव्या रंगाऱ्यालाच बसतात." सुनेने ताट परत पुढे आणून ठेवलं आणि म्हणाली, "आई, जेवता जेवता सांगा. मी ऐकते. किती झाली म्हणालात त्यांना?" मावशींना एवढ्या दुःखातही हसू फुटलं.

पुढले दिवस जड गेले. मशीन एकदा झालं, एक दिवस सोडून पुन्हा झालं. दम थांबला, घोटे दिसायला लागले, पण नऊ नंबरचा कॅन हलकाच. एकशे दहा. नव्वद. नव्वद. मावशी रोज वाकायच्या, रोज लिहायच्या, आणि खाटेजवळून जाताना आकडा सांगायच्या, कारण पेशंटला त्याचा आकडा सांगायचा असा त्यांचा नेम होता. ड्रायव्हरदादा भिंतीकडे बघत ऐकायचे. आपण त्या माणसाला भावाच्याच वाटेवर ढकललं की काय, हा विचार मावशींना सोडत नव्हता. किडन्या जाग्या होतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं. होत नाहीत, हेही पाहिलेलं होतं.

वहिनी मात्र पार बदलली. कॅनला तिने चिंधी बांधून गाठ मारली, आणि स्वतःखेरीज कोणाला हात लावू देईना. भांड्यातला शेवटचा थेंब पडेपर्यंत ती ते कॅनवर उपडं धरून उभी राहायची, आणि पाण्याचा पेला बोटाने खूण करून भरायची. बँडमास्तर घरी जाताना तिच्याजवळ गेले, काहीतरी बोलायचं म्हणून उभे राहिले आणि नुसता नमस्कार करून निघाले. तिनेही नमस्कार केला. राग तिच्या मनात नव्हता. त्या माणसाने जे होतं ते दिलं होतं.

तिसऱ्या मशीननंतर एकशे साठ आले. मग दोनशे ऐंशी. मावशी नुसता आकडा सांगून पुढे गेल्या. यावेळी नाचायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. चौथं मशीन झालं. साडेचारशे आले. भिंतीकडचं तोंड थोडं वळलं.

आणि मग एका सकाळी मावशी ओट्यावरून हात फिरवत होत्या, तर मोरीच्या दारात ड्रायव्हरदादा स्वतः उभे. पाठीला एक हात, दुसऱ्या हातात नऊ नंबरचा कॅन, आणि मागे वहिनी. कॅनचा भार त्यांच्या हाताला पेलत नव्हता, तरी ते तो कोणाला देत नव्हते.

"आधी वजन घ्या," ते मावशींना म्हणाले. इतक्या दिवसांतला हा पहिला शब्द. "वजन बघा, मग माप लिहा. नाहीतर तुम्हाला वाटायचं, आजही उसनं आणलं."

मावशींनी काटा ओढून आणला. कालच्यापेक्षा नऊशे ग्रॅम कमी. त्यांनी ते लिहिलं. मग कॅनची गाठ सोडली आणि जारमध्ये ओतायला लागल्या. जार अर्धा झाला, पाऊण झाला. रंग काळपट नव्हता, स्वच्छ पिवळा होता. फेस बसेपर्यंत तिघं गप्प उभी राहिली. मावशी गुडघे वाकवून खाली गेल्या, एक डोळा मिटला, आणि दुसरा डोळा असा भरून आला की रेघच दिसेना. त्यांनी पदराने पुसला, परत लावला, परत भरला.

ड्रायव्हरदादा पाठ धरून, कण्हत, त्यांच्या शेजारी वाकले. त्यांनीही एक डोळा मिटला.

"नऊशे दहा."

"नीट बघा हो."

"नीटच बघितलंय, मावशी," ते म्हणाले. "सगळं माझंच आहे. लिहा."